जहाज तेच, केबिन दुसरी : सलग दोन क्रूझ करणाऱ्यांसाठी

परदेश सहल म्हटली की विमान, हॉटेल आणि बसचा प्रवास एवढेच चित्र काही वर्षांपूर्वीपर्यंत डोळ्यांसमोर येत असे. आता त्यात क्रूझची भर पडली आहे. सिंगापूरच्या सहलीला जोडून दोन रात्री जहाजावर काढण्यापासून सुरू झालेली ही हौस पुढे सात, दहा आणि चौदा रात्रींच्या सफरीपर्यंत पोहोचली. कोल्हापूरसारख्या समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे वसलेल्या शहरातूनही निवृत्त दांपत्ये, परदेशातील मुलांकडे निघालेले आई-वडील आणि एकत्र सहलीला जाणारी कुटुंबे जहाजाकडे वळू लागली आहेत.

यातील काही जण एका सफरीवर समाधान मानत नाहीत. एवढ्या लांब आलोच आहोत, तर त्याच जहाजावर पुढचा आठवडाही काढावा, असा विचार करून ते लागोपाठच्या दोन सफरींचे आरक्षण करतात. पर्यटन व्यवसायात याला ‘बॅक टू बॅक’ क्रूझ म्हणतात. विमानाचे भाडे एकदाच पडते, सामान सारखे बांधावे-सोडावे लागत नाही, असा त्यामागचा हिशेब असतो. मात्र पहिल्या सफरीच्या अखेरच्या सकाळी केबिन रिकामी करण्याची सूचना हाती पडते, तेव्हा अनेकांची धांदल उडते. जहाज तेच असले, तरी कागदोपत्री पहिला प्रवास तेथे संपलेला असतो आणि दुसरा अजून सुरू व्हायचा असतो. मधल्या चार-पाच तासांत काय होते आणि त्याची तयारी घरूनच कशी करावी, याची माहिती ज्येष्ठ प्रवाशांना विशेष उपयोगी पडते.

केबिन बदलण्याची वेळ का येते?

क्रूझ कंपनी प्रत्येक सफर स्वतंत्रपणे विकते. एका सफरीचे आरक्षण म्हणजे त्या तारखांपुरती, त्या क्रमांकाची केबिन. पुढच्या आठवड्यासाठी तीच केबिन दुसऱ्या कोणी आधीच घेतलेली असू शकते. दोन सफरींचे आरक्षण वेगवेगळ्या दिवशी केले, तर ही शक्यता आणखी वाढते.

दुसरे कारण दराचे. केबिनचे ढोबळमानाने चार प्रकार असतात : खिडकी नसलेली आतली केबिन, समुद्राकडे खिडकी असलेली, बाल्कनी असलेली आणि स्वीट. पहिल्या सफरीत बाल्कनी परवडते; दुसरी सफर सुटीच्या हंगामात येत असल्याने त्याच केबिनचा दर बराच चढलेला असतो. मग प्रवासी स्वतःहूनच एका आठवड्यासाठी बाल्कनी आणि दुसऱ्यासाठी आतली केबिन निवडतात.

तिसरे कारण स्वस्त योजनांचे. ‘गॅरंटी’ नावाने विकल्या जाणाऱ्या आरक्षणात केबिनचा प्रकार निश्चित असतो, क्रमांक मात्र कंपनी नंतर ठरवते. दोन्ही सफरी अशा योजनेतून घेतल्या, तर दोन वेगळे क्रमांक मिळण्याचीच शक्यता अधिक. शिवाय तीन-चार जणांची सोय असलेल्या, एकमेकींना आतून दार असलेल्या किंवा चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेल्या केबिन जहाजावर मोजक्याच असतात. आजी-आजोबा आणि नातवंडांसह निघालेल्या कुटुंबांना म्हणूनच ही अडचण अधिक जाणवते.

चौथे कारण अनेकांच्या ध्यानात येत नाही. प्रवासाच्या काही दिवस आधी कंपन्या थोडी अधिक रक्कम घेऊन, कधी विनामूल्यही, वरच्या दर्जाची केबिन देऊ करतात. एका सफरीसाठी असा बदल स्वीकारला, की दोन्ही आठवड्यांसाठी जुळवून घेतलेली एकच केबिन हातची जाते. ज्यांना हालचाल नको आहे, त्यांनी ‘दर्जा बदलू नये’ अशी नोंद आरक्षणातच करून घ्यावी.

आरक्षण करताना

सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोन्ही सफरींचे आरक्षण एकाच वेळी आणि एकाच एजंटमार्फत करणे. कोणती केबिन दोन्ही तारखांना रिकामी आहे, हे जहाजाचा नकाशा समोर ठेवून पाहता येते. अमुकच केबिन हवी असा आग्रह सोडून ‘दोन्ही वेळा मिळणारी कोणतीही’ असा शोध घेतला, तर ती बहुधा सापडते. त्यासाठी एखादा मजला खाली जावे लागले तरी हरकत नाही. जहाज लाटांवर डोलते तेव्हा खालच्या मजल्यांवर आणि लांबीच्या मध्यावर हालचाल सर्वांत कमी जाणवते. ज्यांना बोट लागते, त्यांच्या दृष्टीने तर ही निवड अधिकच चांगली.

दोन आरक्षणांचे क्रमांक वेगळे असतात. ते परस्परांशी जोडून घेण्यास एजंटला सांगावे. त्यामुळे हा प्रवासी उतरणार नसून पुढे जाणार आहे, हे जहाजावरील स्वागतकक्षाला आधीच कळते. तीच केबिन मिळणार नसेल, तर निदान त्याच मजल्यावरची आणि जवळची मिळेल का, ते पाहावे. जहाजाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचे म्हणजे दोनशे-तीनशे मीटरचे अंतर असू शकते. गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीसाठी ही गोष्ट किरकोळ नाही.

केबिनच्या वर आणि खाली काय आहे, हेही दोन्ही वेळा तपासावे. जलतरण तलावाच्या मजल्याखाली पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. नाट्यगृहाच्या किंवा नृत्यगृहाच्या वर रात्री उशिरापर्यंत संगीत ऐकू येते. पहिल्या केबिनबाबत दाखवलेली चोखंदळ वृत्ती दुसरीबाबत अनेकदा गळून पडते आणि दुसरा आठवडा झोपेविना जातो.

जेवणाच्या सूचना प्रत्येक आरक्षणात स्वतंत्रपणे नोंदवल्या जातात, हे कोल्हापूर-सांगलीकडील प्रवाशांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. जैन जेवण किंवा शुद्ध शाकाहार यांची नोंद पहिल्या सफरीत असली, म्हणजे ती दुसरीत आपोआप जाईलच असे नाही. दोन्ही आरक्षणांत ती करावी आणि दुसऱ्या सफरीच्या पहिल्या संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखाला पुन्हा आठवण द्यावी. सात रात्रींच्या सफरी करणाऱ्या जहाजांवर जेवणाचे पदार्थ आणि रात्रीचे कार्यक्रम दुसऱ्या आठवड्यात बहुतांशी तेच असतात, याचीही मनाशी तयारी असावी.

बदलाचा दिवस

मोठे जहाज पहाटे बंदराला लागते आणि त्याच संध्याकाळी नवे प्रवासी घेऊन सुटते. मधल्या आठ-दहा तासांत हजारो प्रवासी उतरायचे, त्यांचे सामान खाली जायचे, प्रत्येक केबिन स्वच्छ करून चादरी-टॉवेल बदलायचे, अन्नधान्य आणि पाणी भरायचे आणि नव्या प्रवाशांना आत घ्यायचे, असा हा दिवस असतो. केबिनची व्यवस्था पाहणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याकडे त्या सकाळी अनेक केबिन असतात. त्यामुळे सफरीच्या शेवटच्या दिवशी सकाळी आठ-नऊच्या सुमारास केबिन सोडण्याची विनंती केली जाते, ती पाळणे सर्वांच्याच सोयीचे ठरते.

पुढे जाणाऱ्या प्रवाशांना एक-दोन दिवस आधी केबिनमध्ये पत्र मिळते. कोणत्या वेळी कोठे जमायचे, पारपत्र तपासणीसाठी उतरावे लागेल की नाही, सामान कसे हलवले जाईल आणि नवे कार्ड कोठे मिळेल, याचा तपशील त्यात असतो. असे पत्र आले नाही, तर स्वस्थ न बसता स्वागतकक्षात चौकशी करावी. दोन आरक्षणे जोडलेली नसल्यास प्रवासी उतरणार आहे, असा समज झालेला असू शकतो.

तपासणीची पद्धत देशागणिक बदलते. काही बंदरांत पुढे जाणाऱ्यांना जहाजावरच थांबू दिले जाते. अमेरिकेतील अनेक बंदरांत मात्र नवे प्रवासी आत घेण्यापूर्वी जुने सर्व प्रवासी उतरले असल्याची खात्री करावी लागते. मग पुढे जाणाऱ्यांना एखाद्या लाउंजमध्ये एकत्र करून खाली नेतात, पारपत्रांची तपासणी होते आणि जहाज रिकामे झाल्याचा निरोप मिळताच त्यांना सर्वांत आधी परत घेतले जाते. यात कधी अर्धा तास जातो, कधी दोन तास. पहाटे उतरून शहर पाहण्याचा बेत असेल, तर त्यासाठी वेगळी मुभा असते. मात्र परत येण्याची वेळ काटेकोरपणे पाळावी लागते.

नवी केबिन बहुधा दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान तयार होते. म्हणजे सकाळी नऊपासून तीन ते पाच तास प्रवाशाला स्वतःची खोली नसते. तरुणांना त्याचे काही वाटत नाही. दुपारी आडवे होण्याची सवय असलेल्या, ठरावीक वेळी औषध घेणाऱ्या किंवा वारंवार स्वच्छतागृहात जावे लागणाऱ्या व्यक्तीला मात्र हा काळ जड जातो. आधी कल्पना दिल्यास बसण्यासाठी निवांत जागा आणि चाकाची खुर्ची मिळू शकते. मधुमेहींनी न्याहारी आणि पुढच्या खाण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवून ठेवावी, कारण त्या सकाळी उपाहारगृहांतही गर्दी असते.

सामान कसे हलते?

केबिन बदलताना बहुतेक जहाजांवर सामान कर्मचारीच हलवतात. कपाटात हँगरला लावलेले कपडे तसेच राहू द्यायचे असतात. ते हँगरसह उचलून नव्या कपाटात लावले जातात. खणांतील वस्तू, न्हाणीघरातील सामान आणि इतर चीजवस्तू मात्र स्वतः बॅगांत भरून ठेवाव्या लागतात. प्रत्येक बॅगेवर नव्या केबिनचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावली जाते. जुन्या आणि नव्या केबिनचा क्रमांक स्वच्छ अक्षरांत लिहिलेला कागद टेबलावर ठेवला, तर कर्मचाऱ्यांचे काम सोपे होते.

येथे एक धोका असतो. उतरणाऱ्या प्रवाशांसाठी आदल्या रात्री ‘बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवाव्यात’ अशी सूचना दिली जाते आणि त्यांना रंगीत चिठ्ठ्या मिळतात. त्या बॅगा रात्रीतूनच गोळा होऊन सकाळी बंदराच्या इमारतीत जातात. पुढे जाणाऱ्या प्रवाशाने इतरांचे पाहून स्वतःची बॅग तशीच बाहेर ठेवली, तर तीही किनाऱ्यावर जाऊन पडते आणि ती शोधून परत आणण्यात सकाळ जाते. म्हणून मिळालेले पत्र नीट वाचल्याशिवाय कोणतीही बॅग दाराबाहेर ठेवू नये.

तिजोरी रिकामी करणे हे स्वतःचेच काम आहे. दागिने, रोख रक्कम आणि पारपत्र कोणत्याही बॅगेत न घालता स्वतःजवळ बाळगावे. औषधांचे तर दोन भाग करू नयेत. सर्व औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि एक जोडी कपडे अशी लहान पिशवी सतत हाताशी असावी. इन्सुलिन केबिनच्या शीतपेटीत ठेवलेले असेल, तर ते काढायचे राहून जाण्याची भीती मोठी. शीतपेटी पुढील प्रवाशासाठी रिकामी केली जाते. अशा औषधाची सोय त्या काही तासांपुरती जहाजावरील दवाखान्यात होईल का, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे. झोपेत श्वासासाठी यंत्र वापरणाऱ्यांनी त्याची नळी आणि विजेची जोडणी यांची मोजदाद करूनच केबिन सोडावी.

धुलाईसाठी दिलेले कपडे केबिनच्या क्रमांकावर परत येतात. ते शेवटच्या दोन दिवसांत देऊ नयेत. जुन्या केबिनच्या कर्मचाऱ्याला खुशाली म्हणून काही द्यायचे असेल, तर त्याच सकाळी द्यावे. दुसऱ्या आठवड्यात तो दुसऱ्याच मजल्यावर असल्यास भेट होईलच असे नाही.

सुरक्षेची कवायत पुन्हा

केबिनचा क्रमांक बदलला, की आणीबाणीत जमण्याचे ठिकाणही बदलू शकते. या ठिकाणाला ‘मस्टर स्टेशन’ म्हणतात. त्याचा क्रमांक प्रवाशाच्या कार्डावर छापलेला आणि केबिनच्या दाराच्या आतील बाजूस लावलेला असतो. पहिल्या आठवड्यात पाठ झालेला रस्ता दुसऱ्या आठवड्यात चुकीच्या ठिकाणी नेऊ शकतो. ‘कवायत एकदा झाली आहे’ असे म्हणून ती टाळण्याची वृत्ती म्हणूनच घातक ठरते.

या नियमामागे एक दुर्घटना आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी रात्री ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ हे प्रवासी जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले. जहाजावर चार हजारांहून अधिक माणसे होती. त्यांपैकी ३२ जणांना प्राण गमवावे लागले. या जहाजावर वेगवेगळ्या बंदरांतून प्रवासी चढत असत. त्याच संध्याकाळी चिविटावेकिया बंदरात चढलेल्या सुमारे ७०० प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. प्रवासी चढल्यानंतर २४ तासांत कवायत घ्यावी, असा तेव्हाचा आंतरराष्ट्रीय नियम होता. तो पुढे बदलण्यात आला आणि १ जानेवारी २०१५ पासून नव्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

कोविडनंतर अनेक कंपन्यांनी या कवायतीचे स्वरूप सुटसुटीत केले. केबिनमधील दूरचित्रवाणी संचावर किंवा मोबाइलवर चित्रफीत पाहायची आणि नेमून दिलेल्या ठिकाणी जाऊन कार्ड दाखवायचे, एवढ्यावर काम होते. सलग प्रवास करणाऱ्यांना काही कंपन्या यातून सूट देतात. सूट असली, तरी नव्या केबिनपासून त्या ठिकाणापर्यंत जिन्याने एकदा चालून जावे. आग लागल्यास लिफ्ट वापरता येत नाही.

व्हिसा आणि कायद्याच्या अडचणी

केबिनची अडचण जहाजावर सुटते. व्हिसाची सुटत नाही. युरोपातील शेंगेन देशांचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल, तर सलग सफरींत तो अपुरा पडण्याची दाट शक्यता असते. बार्सिलोनाहून निघालेले जहाज मोरोक्को किंवा ट्युनिशियाला जाऊन परत स्पेनला आले, की तो नवा प्रवेश ठरू शकतो. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या एकत्रित सफरींतही हेच घडते. दोन सफरी म्हणजे असे दोन, कधी तीन प्रवेश. म्हणून अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि अर्जासोबत दोन्ही आरक्षणांची कागदपत्रे जोडावीत. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, ही मर्यादाही मोजावी. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन गटात आल्याने एड्रियाटिक समुद्रातील सफरींचे पूर्वीचे हिशेब बदलले आहेत. ब्रिटनमधील साउदम्प्टनहून निघणाऱ्या सफरींसाठी ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो.

अमेरिकेत अडचण निराळीच आहे. १८८६ च्या प्रवासी जहाजविषयक कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दूरच्या परदेशी बंदराला न जाता दुसऱ्या अमेरिकन बंदरात उतरवता येत नाही. क्रूझची बहुतेक मोठी जहाजे परदेशी ध्वजाची असतात. समजा, एखाद्याने लॉस एंजलिस ते व्हँकूव्हर ही सफर घेतली आणि त्याच जहाजावर व्हँकूव्हर ते अलास्कातील व्हिटिअर अशी दुसरी. या दोन्ही सफरी स्वतंत्रपणे कायदेशीर आहेत. पण सलग केल्या, तर कायद्याच्या दृष्टीने तो लॉस एंजलिस ते व्हिटिअर असा एकच प्रवास ठरतो आणि दंड होतो. कंपन्या तो प्रवाशाकडून वसूल करतात. केबिन बदलून या कायद्यातून सुटका होत नाही. जहाजच बदलावे लागते. दोन सफरींची आरक्षणे वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून केली, तर ही बाब उशिरा लक्षात येते आणि ऐन वेळी एक आरक्षण रद्द करण्याची पाळी येते.

प्रवास विमा घेताना पहिल्या सफरीच्या आरंभापासून दुसरीच्या अखेरीपर्यंत खंड पडू देऊ नये. जहाजावरील वैद्यकीय उपचार आणि आजारी व्यक्तीला किनाऱ्यावर नेण्याचा खर्च त्यात समाविष्ट आहे का, हे वाचून पाहावे.

हिशेब पुन्हा शून्यापासून

जहाजावर रोख व्यवहार क्वचितच होतो. खरेदी, पेये, किनाऱ्यावरील सहली आणि सेवाशुल्क हे सर्व कार्डाच्या खात्यात जमा होत जाते. पहिली सफर संपताच ते खाते बंद होऊन बिल निघते आणि दुसऱ्या सफरीचे नवे खाते उघडते. क्रेडिट कार्डाची नोंद पुन्हा करावी लागते का, हे विचारून घ्यावे. पेयांचे पॅकेज, इंटरनेट आणि विशेष उपाहारगृहांची आगाऊ आरक्षणे सामान्यतः एकाच सफरीपुरती असतात. पहिल्या सफरीत उरलेली जमा रक्कम दुसरीत जातेच असे नाही; ती शेवटच्या दिवसापूर्वी वापरणे शहाणपणाचे. पहिल्या आठवड्याचे बिल केबिन सोडण्याआधीच तपासावे, कारण त्यातील चूक दुरुस्त करून घेणे दुसऱ्या आठवड्यात कठीण जाते.

बदल हवासा वाटतो तेव्हा

केबिन बदलणे ही नेहमीच आपत्ती नसते. वातानुकूलन नसण्याच्या काळात हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्या दरम्यान जा-ये करणारे प्रवासी जहाजाची बाजू पाहून केबिन मागत. इंग्लंडहून मुंबईकडे येताना डावी आणि परतताना उजवी बाजू तुलनेने थंड मानली जाई. इंग्रजीतील ‘पॉश’ हा शब्द याच प्रघातावरून आला, अशी कथा लोकप्रिय आहे. मात्र तिला कागदोपत्री पुरावा सापडलेला नाही. येथून इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी अर्थातच हा क्रम उलटा होता : जाताना उजवी, येताना डावी. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले, तो याच जहाजांचा काळ.

आज केबिन थंडच असते; प्रश्न उरतो तो दृश्याचा. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या जहाजाच्या डाव्या बाजूला किनारा आणि सूर्योदय, तर उजव्या बाजूला मोकळा समुद्र आणि सूर्यास्त असतो. परतीच्या वाटेवर हे उलटते. ये-जा करणाऱ्या सफरीत म्हणूनच एकाच केबिनमधून दोन्ही दृश्ये मिळतात. एका दिशेच्या सफरींत मात्र तसे होत नाही. दोन्ही टप्पे एकाच दिशेने जाणारे असतील, तर दुसऱ्या टप्प्यासाठी विरुद्ध बाजूची केबिन घेण्यात अर्थ आहे. त्याचप्रमाणे ज्या आठवड्यात जहाज रोज नव्या बंदराला लागते, त्या आठवड्यात बाल्कनीचा उपयोग कमी होतो, आणि सलग समुद्रात राहण्याचे दिवस अधिक असलेल्या आठवड्यात तो खरा होतो. पैसे मोजून बाल्कनी एकाच आठवड्यासाठी घ्यायची असेल, तर ती कोणत्या, हे यावरून ठरवावे.

कोल्हापूरकरांसाठी

मुंबईतून निघणाऱ्या सफरींचा इतिहास फार जुना नाही. २००५ मध्ये ‘सुपरस्टार लिब्रा’ हे जहाज मुंबईत आले, तेव्हा मराठी पर्यटकांना घराजवळच क्रूझची ओळख झाली. डिसेंबर २०१६ पासून इटलीच्या कोस्टा कंपनीने ‘निओक्लासिका’ या जहाजाद्वारे मुंबई-मालदीव मार्गावर सफरी सुरू केल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही मुंबई-गोवा सेवा सुरू झाली. ती पुढे बंद पडली. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीने ‘एम्प्रेस’ या जहाजावरून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी सुरू केल्या. १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेले हे जहाज मुळात तीन-चार रात्रींच्या लघु सफरींसाठीच आखलेले होते. अशा जहाजांवर बदलाचा दिवस दर दोन-तीन दिवसांनी येतो. दोन लघु सफरी जोडणाऱ्यांना केबिन बदलण्याचा त्रास प्रवासाच्या लांबीच्या मानाने अधिक वाटतो. तेथे एकच केबिन मिळत नसेल, तर त्याऐवजी एकच पाच रात्रींची सफर घेणे बरे. लक्षद्वीपच्या सफरीसाठी प्रवेश परवाना लागतो. त्याची व्यवस्था कोणी करायची, हे आरक्षणाच्या वेळीच ठरवावे.

मुंबईच्या बॅलार्ड पिअर भागातील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. कोल्हापूरहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरल्यास तेथून हा परिसर टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. तरीही पावसाळ्याचे दिवस किंवा परदेशी सफर असल्यास एक दिवस आधी मुंबई गाठावी. जहाज कोणासाठी थांबत नाही, आणि पहिली सफर चुकली, तर दुसरीचे आरक्षण टिकेल की नाही हे कंपनीच्या अटींवर अवलंबून असते.

दोन सफरींच्या मधल्या दिवशी मुंबईतील नातेवाइकांना जहाजावर बोलावता येईल, अशी काहींची समजूत असते. सुरक्षेच्या नियमांमुळे तसे करता येत नाही. प्रवाशाने खाली उतरून त्यांची भेट घ्यावी, संपलेली औषधे त्यांच्याकडून मागवून घ्यावीत आणि वेळेत परतावे. उतरताना नवे कार्ड आणि ओळखपत्र जवळ असल्याची खात्री करावी. जुने कार्ड त्या दिवशी निरुपयोगी झालेले असते.

हे लक्षात ठेवावे

– दोन्ही सफरींचे आरक्षण शक्यतो एकाच वेळी करावे आणि ती परस्परांशी जोडून घ्यावीत.

– एकच केबिन मिळाली असेल, तर ‘दर्जा बदलू नये’ अशी नोंद करून घ्यावी.

– व्हिसा किती प्रवेशांचा लागेल, हे दोन्ही मार्ग एकत्र मांडून मोजावे.

– जेवण, चाकाची खुर्ची आणि औषधांविषयीच्या सूचना दोन्ही आरक्षणांत नोंदवाव्यात.

– आदल्या रात्री बॅग दाराबाहेर ठेवण्यापूर्वी पत्र वाचावे. शंका असल्यास स्वागतकक्षात विचारावे.

– पारपत्र, पैसे, दागिने आणि सर्व औषधे हातातील पिशवीतच असावीत. तिजोरी, शीतपेटी आणि न्हाणीघर यांवर शेवटची नजर टाकावी.

– पहिल्या सफरीचे बिल केबिन सोडण्यापूर्वी तपासावे.

– नव्या केबिनमध्ये शिरताच दारामागील फलक वाचून जमण्याचे ठिकाण पाहून यावे. बॅगा त्यानंतर उघडाव्यात.